तिलवाऱ्याचं घर की गोलबाजारातलं

आमची नागपूरची इमारत पाडून नवी बांधायची असं सोसायटीच्या सभेत ठरलं, आणि सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या घराकडे नीट बघितलं. मुलीच्या खोलीत इस्त्रीचे कपडे पडलेले. मुलाच्या खोलीत कांदे-बटाटे. मुलगी मेलबर्नला, मुलगा हैदराबादला, तरी त्या खोल्या आम्ही त्यांच्याच नावाने ओळखतो. "कांदे संजूच्या खोलीतून आण," असं मधुकर मला म्हणतात आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

नवी इमारत होईल तेव्हा होईल. तोवर भाड्याने नागपुरातच राहायचं, की या निमित्ताने कुठेतरी कायमचं जायचं? माझं माहेर जबलपूरचं. तिथे जावं हे माझ्या मनात फार दिवस होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला जबलपूरलाच जायचंय ना? मग दोघं जाऊन बघून या. पण ठरवून या, प्लीज. नुसती जलेबी खाऊन परत येऊ नका."

तर हे त्या चार दिवसांबद्दल. धुआंधार धबधब्याचे आणि संगमरवरी खडकांचे फोटो शोधत इथे आला असाल तर निराशा होईल. आम्ही तिकडे गेलोच नाही. पण ज्यांची मुलं दूर आहेत आणि ज्यांना आता गावाबाहेर शांत राहावं की गावात गजबजाटात हा प्रश्न पडलाय, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आमच्यासमोर दोन घरं होती. एक तिलवाऱ्याच्या बाजूला, नागपूरहून येताना नर्मदेचा पूल लागतो त्याच्या अलीकडे, नव्या कॉलनीत. तिथे माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण मीनू राहते, आणि तिच्या समोरचंच घर विकाऊ होतं. दुसरं गोलबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या दुमजली घराचा तळमजला, भाड्याने. मधुकरांना पहिलं हवं होतं, मला दुसरं. लग्नाला चाळीस वर्षं उलटली तरी आमचं भांडण कसं करायचं ते ठरलेलं आहे: ते नकाशा काढतात आणि मी गप्प बसते.

डिसेंबरचे दिवस होते. सकाळी धुकं विरल्यावर निघालो. रस्ता आता उत्तम आहे. मनसर, देवलापार, खवासा, मग पेंचचं जंगल. जनावरं खालून जावीत म्हणून तिथे रस्ता उचलून घेतलाय आणि दोन्ही बाजूंनी भिंती आहेत, त्यामुळे जंगलातून जातोय हे कळत नाही. मोबाइलला रेंज नसते, म्हणून घरी आधीच कळवून ठेवा. सिवनीला चहा आणि मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे घ्या. पेट्रोल आणि बाकीच्या सोयी लखनादौनला उरकून घ्या, पुढे स्वच्छतागृहांचं काही खरं नाही. सावकाश गेलात तर पाच-साडेपाच तास. आम्हाला सहा लागले, कारण मागच्या वर्षी मधुकरांच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि तेव्हापासून ते दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करतात. मला चालवू देत नाहीत, ते वेगळंच.

सिवनीला त्यांनी पुन्हा विषय काढला. "तुझं ते गोलबाजार म्हणजे गाडी लावायला जागा नाही, धूर, मंदिराचा भोंगा, गायी. या वयात काहून जायचं तिथे?"

"या वयात म्हणूनच."

"म्हणजे काय?"

मी मंगोड्याचा कागद चुरगळून टोपलीत टाकला.

मीनूच्या कॉलनीच्या गेटवर पहारेकऱ्याने गाडीचा नंबर लिहून घेतला, मीनूला फोन लावून विचारलं, मग दांडा वर केला. आत रुंद रस्ते, एकसारखी पांढरी घरं, दारात कुंड्या. मीनू फाटकात उभीच होती.

"काहून एवढा उशीर? चलो, अंदर आओ. जिजाजी, तुम्ही तर एकदम बारीक झाले जी! ही खायला घालत नाही का?"

"तिला विचारा. तेल बंद, तूप बंद. आता मीठही बंद करून राहिली."

"मग आमच्याकडे या राहायला. मी सगळं चालू करते."

मीनूचे यजमान रेल्वेत होते. ते जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला आहे, दर रविवारी फोन करतो. तिने आम्हाला समोरचं घर दाखवलं, आणि दाखवलं ते अशा उत्साहाने की जणू तीच विकत होती. खाली दोन खोल्या, पायरी कुठेही नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाच्या उशाशी लाल बटण. ते दाबलं की गेटवर घंटा वाजते. मधुकर पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. भिंतीवर बोटांनी टकटक करत, नळ सोडून बघत ते घरभर फिरले. इतकं खूश मी त्यांना दवाखान्यातून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून रस्ता बघत होते. दुपारचे तीन वाजले असतील. रस्त्यावर एकही माणूस नव्हता. एक कुत्रं मधोमध झोपलं होतं आणि त्याला उठवायलाही कोणी येत नव्हतं.

"शांत आहे ना?" मीनू म्हणाली.

"फार."

"अगं, मी तर सकाळी गेटवर जाऊन त्या पहारेकऱ्याला गुड मॉर्निंग म्हणून येते. घसा तरी साफ होतो." ती हसली. शाळेतही ती अशीच हसायची, सिस्टर ओरडून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी शहर. हॉटेल आम्ही स्टेशनजवळ घेतलं होतं, साधं आणि स्वच्छ. लिफ्ट आहे का ते आधी विचारा. सकाळी चौकातल्या गाडीवर पोहे-जलेबी खाल्ली. खव्याची जलेबी मात्र संध्याकाळी खा, ती काळपट, जड, आणि एक पुरे. मधुकरांनी अर्धी खाल्ली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती तळली होती.

गोलबाजारातलं घर देशकरकाकूंचं. ऐंशीच्या पुढच्या, वरच्या मजल्यावर सुनेबरोबर राहणाऱ्या. गाडी दूर ठेवून चालत जावं लागलं. गल्लीत मोटारसायकली, शिंप्याचं यंत्र, दळणाचा वास, कुणाचा तरी मोठ्याने चाललेला फोन. तळमजला काळोखा होता. न्हाणीघराची पायरी उंच होती. मधुकरांनी तिच्याजवळ वाकून वीत लावून पाहिली आणि माझ्याकडे बघत मान हलवली.

"ती पायरी फोडून घेऊ आपण," काकू म्हणाल्या. "माझे यजमान होते तेव्हा त्यांच्यासाठी फोडायची होती. राहून गेलं. तुम्ही कोणाच्या गं? फॅक्टरीतल्या का?"

"हो. रांझीकडे क्वार्टर होतं आमचं."

"अच्छा, म्हणजे तुला कळेल. या भिंतीपलीकडे जैनांचं घर आहे. रात्री काही वाटलं तर भिंतीवर ठोकायचं. वरती मी आहेच, पण मला आजकाल ऐकू कमी येते. जैनांची सून मात्र पक्क्या कानाची आहे, सगळं ऐकते. न ठोकलेलंही ऐकते."

मधुकरसुद्धा हसले. मी मात्र त्या भिंतीला हात लावून उभी राहिले.

एकाहत्तरच्या युद्धात मी सहावीत होते. बाबा सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. ते तिथे काय करतात हे घरात विचारायचं नसे. फॅक्टरीतल्या कोणत्याच घरात विचारत नसत. त्या डिसेंबरात ते दोन-दोन पाळ्या करायचे. खिडक्यांना आईने खाकी कागद चिकटवला होता. शाळेत सिस्टर आम्हाला बाकाखाली शिरायचा सराव करून घ्यायच्या आणि मग त्याच बाकावर बसून प्रार्थना. रात्री दिवे घालवले की फॅक्टरीची सगळी वसाहत काळी व्हायची. आमची घरं बराकीसारखी एका रांगेत, मध्ये एकच भिंत. एका बाजूला मल्याळी कुटुंब, दुसऱ्या बाजूला तिवारी. अंधारात आई भिंतीवर दोनदा ठोकायची. पलीकडून दोनदा उत्तर यायचं. तसं ते रांगेच्या शेवटापर्यंत जात असावं. माझी आई बुजरी होती, दिवसा तिवारीणबाईंशी चार शब्दांपलीकडे बोलायची नाही. पण त्या ठोक्यांशिवाय ती झोपलेली मला आठवत नाही.

त्या वर्षीच्या ओव्हरटाइममधून बाबांनी शहराबाहेर अधारतालला प्लॉट घेतला.

हे सगळं मी त्या दिवशी मधुकरांना सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, कारण तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो.

आधी रांझीला गेलो. आमच्या रांगेतली काही क्वार्टर्स अजून उभी आहेत, काहींच्या जागी झुडपं. आत जायला हरकत घेतील असं वाटून मी रस्त्यावरूनच पाहिलं. आत जायचा हट्ट तुम्हीही करू नका. फोटो तर काढूच नका. मग तिथून अधारताल.

फॅक्टरीतल्या माणसांना एक सवय असे. अंतर ते मैलात सांगत नसत, भोंग्यावर सांगत. पाळीचा भोंगा जिथे ऐकू येतो ते जवळ, जिथे येत नाही ते लांब. बाबा प्लॉट बघायला थंडीतल्या पहाटे सायकलने गेले. हवा थांबलेली होती. सगळीकडे हरभऱ्याची शेतं. प्लॉटवर ते उभे होते तेवढ्यात भोंगा वाजला, अगदी स्वच्छ. घरी येऊन ते आईला म्हणाले, "अगं, उशाशी वाजतो म्हण ना!" आणि त्यांनी जागा घेतली. इतर चारजणांनीही तशीच घेतली असणार.

भोंगा थंडीत पहाटेच ऐकू यायचा. वाऱ्याने साथ दिली तर. बाकी वर्षभर तिथे काही ऐकू येत नसे.

बाबांनी घर बांधलं, पण राहायला जायच्या आत ते गेले. मी कॉलेजात होते. क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही दोघी तिकडे गेलो. चारी बाजूंना शेतं, लांब कुठेतरी एक दिवा. आईला वेळ कळेनासा झाला. तिची आयुष्यभराची सकाळ भोंग्याने व्हायची. माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. मी तिला किती वेळा बोलावलं, पण "यांनी बांधलंय" म्हणून ती हलली नाही. मग एका सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली आणि दार उघडलं नाही. ती आत किती वेळापासून तशी पडून होती, ते कोणालाच सांगता आलं नाही. शेजार नव्हताच.

आता तिथे मुख्य रस्त्याला लागून दुकानंच दुकानं आहेत. आमचं घर मी ओळखलं ते फक्त वरच्या जाळीवरून. खाली औषधांचं दुकान, शेजारी दवाखाना, पलीकडे एटीएम. मधुकरांनी गाडी समोर थांबवली आणि मी त्यांना हे सांगितलं. त्यांना तुकड्या-तुकड्याने माहीत होतं. सलग असं पहिल्यांदाच.

त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या. मग म्हणाले, "पण बघ ना. डॉक्टर आहे, मेडिकल आहे, भाजीवाला आहे. जंगल होतं ते हेच ना? तिलवाऱ्याचंही असंच होईल. लागतील थोडी वर्षं."

"होईल. आईला ती वर्षं मिळाली नाहीत."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"मी काहून एवढा भांडून राहिलो असं वाटते तुला? मला काय ते लॉन पाहिजे? माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत. मी गेल्यावर तू कुठे राहशील ते बघून राहिलो मी. तिथे गेटवर माणूस आहे. बटण दाबलं की घंटा वाजते. त्या अंधाऱ्या गल्लीत, त्या पायरीवर तू पडली, तर?"

इतक्या दिवसांत हे ते पहिल्यांदा बोलले.

"आणि मी आधी गेले तर?"

"तू कशी जाशील आधी?"

"का? नंबर लावलाय का कोणी?" मी म्हटलं. "तुम्हाला साधी खिचडी येत नाही. दोन दिवस बोलायला कोणी नसलं तर तुम्ही पेपरशी भांडता. त्या पांढऱ्या रस्त्यावर तुम्ही एकटे काय कराल? गोलबाजारात खाली पोहे आहेत, न्हावी आहे, गाडी आडवी लावली म्हणून ओरडायला चार माणसं आहेत. मी तुमच्यासाठी म्हणत होते."

ते समोर बघत म्हणाले, "म्हणजे आधी कोण जाणार ते ठरवावं लागेल. मग घराचं बघू."

आम्ही हसलो. मग हसू थांबलं, आणि गाडी चालू करायचं दोघांनाही सुचेना. औषधांच्या दुकानातला माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "अंकल, गाड़ी थोड़ा आगे कर लो." तो आला नसता तर आम्ही तिथेच बसून राहिलो असतो.

चौथ्या दिवशी परत निघताना मीनूकडे जेवायला थांबलो, वाटेतच पडतं. तिने भरली वांगी केली होती, खरंच तेलात. बोलता बोलता मधुकरांनी विचारलं, "मीनाताई, ते बटण कधी दाबलं का तुम्ही?"

"एकदा. पडले नव्हते जी, पलंगाखाली चष्मा शोधताना हात लागला. आला ना गार्ड पळत. चांगला होता बिचारा, पाणी वगैरे दिलं."

"कोणता? आत्ता गेटवर आहे तो?"

"नाही, तो गेला. हे एजन्सीचे लोक, बदलतच राहतात. नाव पाठ होईस्तोवर नवा येते. आत्ताच्याला तर मी रोज घर नंबर सांगते, तेव्हा ओळखते." तिने त्यांच्या पानात आणखी एक वांगं वाढलं. "घर मात्र लवकर घ्या हो. मी मालकाला सांगून ठेवलंय, माझी माणसं येणार आहेत, कोणाला देऊ नका."

मधुकरांनी ते वांगं संपवलं. निघताना ती फाटकाशी उभी होती आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत होती.

बरगी मागे पडल्यावर ते म्हणाले, "बटण दाबल्यावर जो येईल त्याला तुझं नाव माहीत नसेल." आणि मग थोड्या वेळाने, "पायरी मात्र मी माझ्या समोर फोडून घेईन. काकूंच्या भरवशावर नाही."

असं ठरलं. म्हणजे माझ्या मनासारखं झालं. घर तर मिळालं, पण ते बघताना आम्ही दोघांनीही त्यात एकच माणूस पाहिला होता. ते आता न पाहिल्यासारखं करता येत नाही. नागपूरला आल्यापासून मधुकर टेबलावरून उठतात तेव्हा मी त्यांची रिकामी खुर्ची बघते. तेही कधी मला बघताना सापडतात.

घर शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन: सुट्टीच्या दिवशी नका जाऊ. साध्या दिवशी दुपारी जा, आणि पुन्हा एकदा दुसऱ्या ऋतूत जा. बाबा उन्हाळ्यातही एकदा गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी फार वर्षं केला. आता करत नाही. त्यांनीही आईसाठीच घेतलं होतं.

मीनूला फोन करायचं मी दोन दिवस टाळलं. शेवटी केला. आधी ती नेहमीसारखी बोलली. "अच्छा! म्हणजे धूळ खायला चालल्या राणीसाहेब. मच्छर चावतील तेव्हा माझी आठवण येईल." मग नुसता तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत राहिला. पुन्हा बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "ठीक आहे गं. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. रविवारी येत जा. मी गेटवर तुमचं नाव कायमचं लिहून ठेवते, म्हणजे दरवेळी विचारणार नाहीत."

फोन ठेवल्यावर मधुकरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी सांगितलं. आमच्यापैकी प्रत्येकाने दुसऱ्याचा विचार करून घर बघितलं होतं. मीनूने मात्र यजमान गेल्यावर एकटीनेच बघितलं होतं.

मधुकर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "रविवारी नको. बुधवारी जात जाऊ. रविवारी मुलाचा फोन तरी येते तिला."